पत्नीची हरकत नाही

खोटं म्हणाल ताई, तर उभ्या जन्मात मी कधी खोटं बोललो नाही. लिहिलंय भरपूर, ते वेगळं. आता तुमच्या त्या कागदावर माझं वय सत्तावन्न आहे, म्हणून तुम्ही आल्यापासून एकदा कागदाकडे बघताय आणि एकदा माझ्या टकलाकडे — बघा, बघा, टक्कल काही लपवायची वस्तू नाही. तर ते दोन्ही आकडे माझेच आहेत. पाच माझा, सातही माझा. फक्त लिहिताना कोण पुढे बसला आणि कोण मागे, एवढाच काय तो घोळ. चौथीत मास्तरांनी माझी पाटी बघून कपाळावर हात मारला आणि तो हात बघून मी शाळा सोडली, ती आजपर्यंत. तेव्हा पंचाहत्तरच्या जागी सत्तावन्न पडलं तर चूक मास्तरांची. घ्या लिहून. पंचाहत्तर लिहा म्हणत नाही मी — मास्तरांचं लिहा.

बसा ना. त्या स्टुलावर नको, ते तक्रार घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांचं आहे. त्याचा एक पाय मी मुद्दाम आखूड ठेवलाय. माणूस डुगडुगायला लागला की अर्धी तक्रार तिथंच सांडते. तुम्ही अशा या गठ्ठ्यावर बसा, धुतलेल्या चादरी आहेत, मऊ लागतील. आणि त्या टेबलाला हात लावू नका, इस्त्री नुकतीच उतरवलीय. हां. आता विचारा. मला नियम ठाऊक आहे हो, पोरीनं फोनवर तीनदा वाचून दाखवला — पिल्लू नेऊन तीन महिने झाले की संघटनेचं माणूस न सांगता दारात येतं, घर बघतं, घरातली माणसं बघतं, आणि त्याला पटलं नाही तर पिल्लू उचलून परत समुद्रापलीकडे, जिच्याकडून आणलं त्या बाईच्या अंगणात. जगात म्हणे ही कुत्री जेमतेम तीनशे उरलीत, म्हणून एकेकावर डोळ्यात तेल घालून नजर. मला वाटलं होतं टाय लावलेला कुणी साहेब येईल, त्याला आधी ते स्टूल दाखवू. आणि तुम्ही निघालात शेजारच्या गावातल्या, बाहीवर कुत्र्याचे केस. करडे, टोकाला वळलेले — दारातच ओळखले मी. तुमच्याकडेही तसलंच आहे ना? मग झालं तर. आपण दोघं एकाच दुखण्याचे.

बटण वर आहे. बटणच म्हणतो आम्ही. कागदावर त्याचं नाव सव्वा ओळीचं आहे, पणजोबासकट, ते हाक मारून संपेपर्यंत कुत्रं गल्लीच्या टोकाला पोचतं. डोळे म्हणाल तर कोटाची दोन काळी बटणं, आणि आल्या दिवशी त्यानं गिऱ्हाइकाच्या शर्टाचं एक गिळलं, तेव्हा नाव शोधायला वेगळं डोकं चालवावं लागलं नाही. आणतो, आणतो खाली. म्हणजे मी नाही, ती आणेल. आणेलच असंही नाही. आधी तुमचे प्रश्न होऊ द्या, तोवर चहा उकळेल.

कुंपण — हां, लिहिलंय खरं. चारी बाजूंनी पांढरं, माणसाच्या उंचीचं. फोटोही जोडला होता, बरोबर. चला गच्चीवर, दाखवतो — थांबा, आज नको. आज कुंपण इस्त्रीला आलंय. तुम्ही त्याच्यावरच बसला आहात. अहो उठू नका, उठू नका. वाऱ्यानं जरा हलतं एवढंच, बाकी कुंपणाला काय लागतं? पलीकडचं दिसू नये, बस. आणि गंमत सोडा, कठडा माझ्या छातीएवढा आहे, आणि खालची सगळी भोकं मी स्वतः जाळी ठोकून बंद केलीत, प्रत्येक भोकात आधी मूठ घालून बघितली. हे खरं आहे, वर जाऊन मोजा. माझी खरी गोष्ट आली की लोक मोजायला धावतात, ही माझी कमाई.

पुढचं. ‘घरात वारंवार भांडणं होतात का’ — कुत्र्याच्या अर्जात हा प्रश्न, बोला. मी लिहिलं, गेल्या सहा महिन्यांत या घरात आवाज चढलेला नाही. खरं होतं. ‘पत्नीची संमती आहे का’ — मी लिहिलं, पत्नीनं एका शब्दानं हरकत घेतलेली नाही. तेही खरं, चोख खरं. पोरगी तिकडच्या भाषेत ते लिहिता लिहिता फोनवर थांबली, म्हणाली, बाबा, आई खरंच हो म्हणाली? मी म्हटलं, नाही म्हणाली असं मी कुठं म्हटलं? पोरगी माझीच, तिनं पुढं विचारलं नाही. लिहून टाकलं.

कुणाला, तिला भेटायचंय? भेटा की. पण काय आहे, तिचा घसा बसलाय. पार बसलाय, एक अक्षर फुटत नाही. हवा बदलली की होतं असं. कधीपासून म्हणजे — झाले थोडे दिवस. वाफाऱ्याचं पाणी देतोय, लोणी देतोय — अहो, असं बघू नका. माणूस मुकाट बसून नुसतं बघत राहिलं की समोरचा काहीही बरळतो. ही विद्या आमच्या घरातही एकीला अवगत —

ऐकलंत ना. हो. तिचाच आवाज. वरून जिन्यात आला, बटणाला म्हणतेय, पायपुसणं सोड, नाहीतर खाली त्याच्याकडे पाठवीन. त्याच्याकडे म्हणजे माझ्याकडे. शिक्षा म्हणून मुलांना कोपऱ्यात उभं करतात, आमच्याकडे कुत्र्याला माझ्याकडे पाठवतात.

बरं. घसा ठणठणीत आहे. ती माझ्याशी बोलत नाही, एवढंच. दहावा महिना चालू आहे.

ते का, ते विचारू नका, त्याचा कुत्र्याशी काही संबंध नाही. कुत्रं कसं आलं ते विचारा, त्यात मजा आहे. आम्हाला साबणवाला दर वर्षी एक कॅलेंडर द्यायचा. एका वर्षी त्यानं बारा महिने बारा कुत्री छापली — साबणाचा आणि कुत्र्यांचा काय संबंध ते त्यालाच ठाऊक — आणि त्यात ऑगस्टला हे. करडं, कुरळं, भुवया डोळ्यांवर आलेल्या, होडीत बसून पाण्याकडे बघतंय. ते कॅलेंडर हिनं डिसेंबर संपेपर्यंत ऑगस्टवरच ठेवलं. गिऱ्हाईक तारखेवरून हुज्जत घालायची, मी म्हणायचो, आमच्याकडे कपडे ऑगस्टातच मिळतील. वर्ष संपलं तसं तिनं ते पान फाडून वरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. बावीस वर्षं झाली. बाई मागणारी नव्हे हो, आणि मागायची सोय तरी कुठं, काही बोलायला तोंड उघडलं की मी मधेच टवाळी घुसवणार. फक्त एकदा, घडी घालता घालता त्या पानाकडे बघून म्हणाली, असं एक असतं तर. मी म्हटलं, आहे की एक, इतकी वर्षं सांभाळतेयस. झालं. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही.

तर सहा महिने तिच्या तोंडाला कुलूप लागल्यावर मला ते पान आठवलं. म्हटलं, बघू. पोरगी तिकडं त्या थंड मुलखात कामाला असतेच. तिनं ती बाई हुडकून काढली, अर्ज भरला, तिकीट पाठवलं. मी एका चिठ्ठीवर लिहिलं, पोरीला भेटून येतो, आणि चिठ्ठी इस्त्रीखाली ठेवली. सकाळी बॅग तयार. शर्ट कडक इस्त्रीचे, घड्या अशा की उघडायला जीव होऊ नये, आणि सगळ्यांत वर गळपट्टा. शब्द एक नाही. मेलेल्या माणसाची बॅग इतकी नीट कुणी भरत नाही ताई — ते जाऊ द्या, सहज बोललो.

ती कुत्रेवाली बाई तुम्ही पाहिलीय का? माझ्याहून दीड वीत उंच, गाल लाल, हात माझ्यासारखेच, जन्मभर गरम पाण्यात घातलेले. घर खाडीच्या काठाला, दारात बुटांची रांग. मला वाटलं आता प्रश्न विचारील, मी उत्तरं पाठ करून गेलो होतो, सत्तावन्नाचा चेहराही करून गेलो होतो. तिनं काही विचारलं नाही. मला जमिनीवर बसवलं आणि पाच पिल्लं सोडली. चार माझ्या अंगावर — एकानं चष्मा नेला, एकानं मोजा. आणि पाचवं लांब बसून मला निरखतंय, तोंड मिटून, घशातल्या घशात गुणगुणतंय. पोरगी म्हणाली, बाबा, ही जात भुंकतच नाही. होडीत भुंकलं तर मासे पळतात, म्हणून तिथल्या कोळ्यांनी पिढ्यानपिढ्या न भुंकणारीच निवडली. म्हटलं, तेच द्या. तोंड मिटून मला निरखणारं एक घरी आहे, सवय आहे मला. बाईनं पोरीकडून अर्थ समजून घेतला आणि असली हसली की खिडकीची काच हलली. मग अर्धा तास करार वाचला. पोरगी एकेक कलम मला सांगत होती, शेवटच्या पानाला तिचाही घसा सुकला, मी म्हटलं पुरे, सही कुठं ते दाखव.

विमानातलं सांगू? बटण पायाशी पिशवीत, आणि शेजारी एक सूटवाला. विमान उडालं आणि बटणानं सूर लावला. सूटवाला माझ्याकडे बघतो. मी खिडकीकडे बघतो. तासाभरानं तो मोठ्या अदबीनं म्हणाला, आपण जरा गाणं थांबवाल का? आता मी काय सांगू, मी नाही, माझे पाय गातायत? मी म्हटलं, माफ करा, उंचावर आलं की मला आपोआप होतं. आणि मग बटण झोपलं तेव्हा त्याच्याऐवजी मी गुणगुणलो, उतरेपर्यंत. एकदा म्हटलं की निभावलं पाहिजे.

आता ऐका, इथं एक घोळ झाला, तो तुम्हाला त्या बाईनं कळवला असेलच. निघताना तिनं एक फडकं दिलं होतं. पिल्लाच्या आईच्या अंगाखाली महिनाभर घातलेलं — मळकट, केसाळ, वास असा की विमानतळावरच्या तपासणीवाल्यानं पिशवी उघडली आणि लगेच बंद करून नमस्कार केला. बाईनं पोरीकडून मला चारदा बजावलं, हे फडकं पिल्लाच्या अंथरुणात ठेवायचं आणि धुवायचं नाही. मी घरी आलो, बटणाला टेबलावर ठेवलं. ही वरून उतरली. पिल्लाकडे बघितलं. माझ्याकडे नाही. मी चिठ्ठी लिहायला पेन्सिल शोधायला आत गेलो, परत येतो तर फडकं नाही. अहो, धुण्याच्या घरात पन्नास वर्षं काढलेली बाई, तिच्या समोर असला वास ठेवून तुम्ही पाठ फिरवणार? तिचा हातच थांबणार नाही. गरम पाणी, साबण, दोनदा खळबळून, नीळ घालून, वाळवून, कडक इस्त्री करून, चौकोनी घडी करून तिनं ते बटणाच्या टोपलीत ठेवलं. वर कोपऱ्यात आमच्या दुकानाची शाईची खूणही घातली, हरवू नये म्हणून.

बटणानं त्या घडीला नाक लावलं. मग टोपलीला. मग जमिनीला. मग जे रडायला लागलं — भुंकत नाही, ओरडत नाही, नुसतं घशातून, किटलीत शेवटचं पाणी राहिल्यासारखं. दोन दिवस दुधाला तोंड लावलं नाही. पोरीला फोन केला, पोरीनं बाईला केला, बाईनं विचारलं, फडक्याचं काय केलंत. पोरीनं सांगितलं आणि म्हणाली, बाबा, बाई म्हणतेय, त्यात त्याच्या आईचा वास होता, तोच धुऊन टाकलात. हे मी हिला ऐकू जाईल असं मोठ्यांदा म्हटलं. तिचा चेहरा पडला. माझ्या थट्टेनं कधी पडला नव्हता असा पडला. तिनं बटणाला उचललं, खांद्यावर घेतलं, आणि दिवसभर घेऊन फिरली — चादरी मोजताना, चिमटे काढताना — आणि त्याच्याशी बोलत राहिली. चुकलं बाबा माझं, मला काय ठाऊक, आईचा वास होता होय तो, आता हाच घे, साबणाचा घे, खळीचा घे, दुसरा माझ्याकडे नाही. संध्याकाळी त्यानं तिच्या बोटावरचं दूध चाटलं. मी या टेबलाआड उभा. सात महिन्यांनी या घरात माणसाचा आवाज. तुम्हाला सांगतो, इस्त्री हातात तशीच राहिली आणि एका वकिलाच्या पँटीला मागं त्रिकोणी भोक पडलं. वकील आला तेव्हा त्याला म्हटलं, हवा खेळती राहावी म्हणून सोय केलीय. त्याला स्टुलावर बसवलं होतं, निभावलं.

तेव्हापासून बटणाला आईचा वास म्हणजे गरम इस्त्रीचा वास. नुकती घडी ठेवली की हा वर जाऊन बसतो, आणि गावातल्या निम्म्या शर्टांवर हे करडे केस. कुणी विचारलं तर सांगतो, परदेशी लोकर आहे, जास्तीचं काही घेत नाही. बटणाच्या वजनाचं पत्र दर आठवड्याला तुमच्या संघटनेला पाठवलंच, कपडे तोलायच्या काट्यावरच तोलतो. पहिल्या पत्रात लिहिलं, चार किलो, बिनइस्त्री.

आणि मग एक दिवस ती खाली न बघता वरूनच म्हणाली, बटण, सांग त्यांना, चहा निवतोय. त्यांना. ऐकलंत? त्यांना म्हणाली. मी बटणाला म्हटलं, सांग, आलो. बटण वर गेलं, खाली आलं, वर गेलं. आता तेच आमचं टपाल. सांग त्यांना, गळ्यातली गुंडी तुटलीय. सांग तिला, तुटू दे, गळा तरी कुठं धड आहे. सांग त्यांना, औषध घेतलं का. परवा ती बटणाला म्हणाली, सांग त्यांना, फार आगाऊपणा करू नका. इतकं बरं वाटलं, काय सांगू. आता तुम्ही म्हणाल, म्हातारा कुत्र्याला निरोप्या म्हणून राबवतो. लिहा तसं. पण राबणाऱ्याची शेपूट बघा आणि मग लिहा.

तुम्ही परत तेच विचारताय. का बोलत नाही. म्हटलं ना, संबंध नाही.

आहे संबंध. बरं. मी एकदा मेलो होतो, म्हणून.

इथंच, या टेबलावर. दुपारची वेळ, वीज गेलेली, इस्त्री थंड, करायला काम नाही — रिकामा हात आणि मी, दोघांनी मिळून काय केलं असेल ते बघा. समोरचा शिंपी रोज तीन वाजता यायचा, त्याची पाचावर धारण बसवायची म्हणून मी टेबलावर आडवा झालो, हात छातीवर, एक दुहेरी चादर डोक्यावरून. कडक खळीची, अशी सरळ पडली की मलाच क्षणभर शंका आली. पण शिंपी आलाच नाही. चिमट्यांची टोपली न्यायला ही आली. म्हटलं, चला, हिचीच. किंचाळेल, मी उठून बसेन, दोन दिवस फुगून बसेल. असं माझं गणित. गणिताचं मघाशी सांगितलंच तुम्हाला.

ती किंचाळली नाही. चादर गळ्यापर्यंत खाली केली. कपाळाला हात लावला — गार पाण्यातून कपडे पिळून आलेली, हात बधिर, तिला माझी ऊब कुठून लागणार? श्वास मी आवळून धरला होता, या कलेत माझा हात कुणी धरणार नाही. मग तिनं स्टूल ओढलं, तेच, आखूड पायाचं, आणि माझ्याशेजारी बसली. आणि बोलायला लागली.

मी तेव्हाच उठायला हवं होतं. पहिल्या वाक्याला. ठाऊक आहे मला, तुम्ही सांगायची गरज नाही. चोरून चोरून श्वास घेत होतो, पण तिच्या डोळ्यांत पाणी, तिला चादर हललेली कशाला दिसतेय? आणि मी ऐकत राहिलो. इतकं सलग ती माझ्याशी कधी बोललीच नव्हती हो. म्हणजे मी बोलू दिलं नव्हतं. म्हटलं, अजून एक वाक्य ऐकू. मग अजून एक. काय बोलली ते नाही सांगणार, ते माझं नाही, मी चोरलंय ते. एकच सांगतो. म्हणाली, मला न विचारता कसे गेलात हो? बाजारात निघालात तरी चारदा विचारता काय आणू, आणि एवढ्या लांब निघालात — एकदा विचारायचं.

आणि मला शिंक आली. खळीची भुकटी, नाकात गेली.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग चादर धरून परत माझ्या तोंडावर ओढली, चारी कोपरे सरळ केले, एक सुरकुती होती ती सवयीनं हातानं दाबली, आणि जिना चढून वर गेली. तिची थट्टा झाली म्हणून नाही ती गप्प, ताई. थट्टेची तिला सवय आहे. मी ऐकत पडलो म्हणून.

हे लिहू नका. लिहायचं थांबलाच आहात म्हणा. चहा घ्या, गार झाला — बघा, कुणी सांगणारं नसलं की होतो.

तर असं आहे. वय खोटं, कुंपण तुमच्या बुडाखाली, आणि संमतीचं तुम्ही ऐकलंत. नियमानं बघाल तर बटणाला आत्ता पिशवीत घालून न्यायला तुम्ही मोकळ्या. ते तिकडं दोन दिवस कुरकुरेल आणि आईच्या कुशीत शिरेल, त्याचं काही अडणार नाही. इकडं वरच्या मजल्यावरचा आवाज बंद होईल. एवढंच होईल. बाकी धंदा चालू राहील, चादरी येत राहतील. मी काही विनवण्या करत नाहीये. आवाज असाच आहे माझा, चहानं —

जिना वाजला. आली. आता सावरून बसा, आणि मी सांगितलेलं काही सांगितलेलं नाही, काय? ही बघा, हे बटण. घ्या, ओळखलं त्यानं तुम्हाला, तुमच्या बाहीत नाकच घातलं. बटण, सांग तिला, या संघटनेच्या बाई, घर बघायला आल्यात. सांग, कागदावर सही हवी म्हणतायत. दिलात का तिच्या हातात? द्या, वाचू द्या, आपल्या भाषेत उतरवून आणलाय ना तुम्ही, तिला माझ्यापेक्षा तीन इयत्ता जास्त. — कुंपण वाचतेय. ओठ बघा, ओठ. हसायचं नाही असं ठरवलं की तिचा डावा कोपरा हलतो. आता आलं ते, ‘एका शब्दानं हरकत घेतलेली नाही’. थांबली. माझ्याकडे नाही बघितलं, पण थांबली. आता काय करतेय? पेन मागतेय. ताई, द्या ना पेन, बघत काय बसलात? — सत्तावन्न खोडलं. पंचाहत्तर केलं. मास्तरांना कळलं पाहिजे. आणि सही. झाली सही. ताई, बघितलीत, तुमच्यासमोर केली, मी हात धरला नव्हता.

म्हणजे पिल्लू राहणार? एक मिनिट, परत सांगा. राहणार. पंचाहत्तरला चालतं? मग मी उगाच तो सत्तावन्नाचा चेहरा करून तिकडं गेलो, गाल दुखले माझे.

आता काय राहिलं, शेवटचं पान? ते मला ठाऊकच नाही, तिथं पोरीचा घसा सुकला होता. दोघांना वाचून दाखवायचंच म्हणता? वाचा. — हं. — मालकाचा मृत्यू झाल्यास पिल्लू — परत. त्या बाईकडे. घरात दुसरं कुणी असलं तरी? असलं तरी. असं आहे होय.

बटण, इकडे ये. इकडे बघ. जा, तिला सांग, तोंड एवढंसं करू नको म्हणावं. म्हातारा म्हणतोय, एवढ्यात मरायचा विचार नाही. एकदा सराव करून बघितला, जमला नाही, शिंक आली. सांग तिला, तुझ्यासाठी म्हणून का होईना, मी अजून —

“बटणाला मधे घालू नका. या खेपेला मरायच्या आधी मला विचारायचं.”